पर्पेतुआची कैद, आणि एका भांड्याचा प्रश्न

रानजाई
६ मार्च, रात्री १०.४०

उद्या ७ मार्च. इ.स. २०३ साली याच तारखेला कार्थेजच्या आखाड्यात (आजच्या ट्युनिसच्या अगदी कडेला) एका बावीस वर्षांच्या बाईला मारलं. नाव विबिया पर्पेतुआ. चांगल्या घरातली, शिकलेली, रीतसर लग्न झालेली, अंगावर पिणारं बाळ असलेली. गुन्हा एवढाच की ती ख्रिश्चन होती. अटक झाली तेव्हा तर तिचा बाप्तिस्माही झाला नव्हता, तो कैदेतच झाला.

रोमन काळात अशा शिक्षा पुष्कळ झाल्या. पर्पेतुआचं वेगळेपण असं की तुरुंगातल्या दिवसांचं टिपण तिने स्वतः लिहून ठेवलं. पुढेमागे दुसऱ्या कुणी प्रस्तावना आणि तिच्या मृत्यूची हकीकत जोडली, पण मधली पानं तिची. स्त्रीने स्वतः लिहिलेला इतका जुना ख्रिस्ती मजकूर बहुधा दुसरा नाही.

दोन इंग्रजी भाषांतरं, मूळ लॅटिन आणि शब्दकोश घेऊन गेले दोन महिने मी ते मराठीत आणतेय. मी ख्रिश्चन नाही आणि लॅटिनही शिकलेले नाही, त्यामुळे चुका होणारच. पण पहिल्याच पानावर अडले.

वडील तिला समजावायला येतात. ती म्हणते, "बाबा, हे इथे पडलेलं भांडं दिसतंय ना, चंबू म्हणा की आणखी काही?" ते म्हणतात, दिसतंय. "मग ते जे आहे त्याखेरीज दुसऱ्या नावाने त्याला हाक मारता येईल का?" "नाही." "तसंच मलाही, मी जी आहे तिच्याखेरीज दुसरं काही म्हणवून घेता येत नाही. मी ख्रिश्चन आहे." हा शब्द ऐकताच वडील डोळे उपटून काढायच्या आवेशाने तिच्या अंगावर धावतात. मग तसेच निघून जातात.

मूळ शब्द 'उर्केओलुस'. त्याला काय म्हणू? लोटा, सुरई, तांब्या, बुडकुला, चंबू? चंबू मी घाईत टाकलाय. सुचवा.

---

तर्कट
६ मार्च, रात्री ११.१५

वाचतोय. भांड्याचं तुम्ही बघा, मला दुसरंच खटकतंय. सरकार म्हणत होतं, बादशहाच्या नावाने चिमूटभर धूप टाका आणि घरी जा. पोरगं अंगावर पितंय, म्हातारा बाप पाया पडतोय. टाकला असता धूप तर काय बिघडलं असतं? मनात काय ते ठेवायचं. तान्ह्या बाळाला सोडून मरायला निघालेल्या आईचं कौतुक मला जमत नाही, धर्म कुठलाही असो.

---

सोपारकर
६ मार्च, रात्री ११.५०

रानजाईताई, आभार. आम्ही वसईकडचे कॅथलिक. पर्पेतुआ आणि तिच्याबरोबर मारलेली फेलिसिती, ही दोन नावं लहानपणापासून कानावर आहेत. मिस्साच्या पहिल्या आणि सर्वांत जुन्या प्रार्थनेत संतांची यादी येते, तिच्या शेवटी सात बायका ओळीने: फेलिसिती, पर्पेतुआ, आगाथा, लुसी, आग्नेस, सिसिलिया, अनास्तासिया. फादर घाईत असले की दुसरी, छोटी प्रार्थना घेतात आणि सगळ्याजणी गळतात. माझी आजी त्यावर कुरकुरायची. म्हणायची, "बायकांची वेळ आली की यांना उशीर होतो."

फेलिसितीबद्दलही लिहा. ती गुलाम होती आणि यादीत तिचं नाव आधी येतं.

दुसरं असं की 'हुतात्मा' की 'रक्तसाक्षी'? आमच्याकडे रक्तसाक्षी म्हणतात. मूळ ग्रीक 'मार्तुस'चा अर्थच साक्षीदार. हुतात्मा म्हटलं की आहुती डोळ्यांपुढे येते, आणि फ्लोरा फाउंटन.

---

रानजाई
७ मार्च, सकाळी ७.०५

सोपारकर, आजींना नमस्कार. रक्तसाक्षी घेतलाच.

तर्कट, तुमचा प्रश्न तिच्या डायरीतच आहे, आणि तुमच्यापेक्षा जोरात विचारलेला. विचारणारा तिचा बाप. दुसऱ्या भेटीत तो म्हणतो, माझ्या पांढऱ्या केसांची कीव कर, सगळ्या भावांपेक्षा मी तुझे जास्त लाड केले, लोकांत मला मान खाली घालायला लावू नकोस, तुझ्यामागे जगू न शकणाऱ्या या पोराकडे बघ. मग तिचे हात चुंबतो, पाया पडतो आणि रडत तिला मुलगी म्हणायचं सोडून 'दोमिना' म्हणतो. दोमिना म्हणजे बाईसाहेब, मालकीणबाई. घरातल्या सगळ्यांवर कायद्याने बापाची सत्ता असलेल्या समाजातला हा बाप. मराठीत हे आणताना पंचाईत अशी की बाप मुलीला "बाईसाहेब" म्हणाला तर आपल्याला टोमणा वाटतो. "माझे आई" केलं तर काकुळतीही येते आणि वैतागही. शेवटी "माझे आई"च ठेवलंय, पण समाधान नाही.

ती काय लिहिते? वडिलांचं वाईट वाटलं, असं. सगळ्या गणगोतात माझ्या या मरणाने आनंद न होणारे तेवढे एकटेच होते, असं. बापाला ती कुठेही खलनायक करत नाही.

आणि बाळाला सोडून ती हसत निघाली, असंही नाही. अटकेनंतर पहिले काही दिवस ती लिहिते ते अंधाराबद्दल, गर्दीने होणाऱ्या उकाड्याबद्दल, शिपायांच्या दमदाटीबद्दल आणि बाळाच्या काळजीबद्दल. तेर्तियुस आणि पोंपोनियुस नावाच्या दोन डीकननी (चर्चच्या सेवकांनी) पहारेकऱ्यांना पैसे चारले, तेव्हा कैद्यांना काही तास जरा मोकळ्या जागेत बसता आलं. तिथे तिने उपाशी, मलूल झालेल्या बाळाला पाजलं. पुढे बाळाला तुरुंगात ठेवायची परवानगी मिळाली आणि लगेच तिच्या जिवाला बरं वाटलं. ती म्हणते, तुरुंग मला एकदम राजवाडा झाला, दुसरीकडे कुठे असण्यापेक्षा इथेच असावंसं वाटायला लागलं.

कौतुक करा असं मी म्हणत नाही. पण हे वाक्य लिहिणाऱ्या बाईला आईपण कळलं नव्हतं, असंही म्हणवत नाही.

---

सुईण_मावशी
७ मार्च, सकाळी ९.३०

(नाव गमतीचं आहे, मी खरंच स्त्रीरोगतज्ज्ञ आहे.)

काल रात्री हा मजकूर शोधून वाचला आणि एका जागी थबकले. खटल्यानंतर ती बाळ मागवते, वडील देत नाहीत. ती लिहिते, मग देवाच्या इच्छेने बाळाने पुन्हा अंगावर प्यायला मागितलं नाही आणि माझ्या छातीलाही दाह झाला नाही, म्हणजे बाळाची काळजी आणि छातीचं दुखणं या दोन्हींतून मी सुटले.

दूध असं एकदम तोडलं की काय होतं ते आमच्याकडे रोज दिसतं. छाती दगडासारखी होते, गाठी होतात, ताप भरतो. एखाद्या पुरुषाने मागाहून रचलेली भाविक कथा असती तर हे त्याला सुचलंच नसतं. त्याने देवदूत उतरवला असता. दूध आटलं याला चमत्कार म्हणणारी व्यक्ती पाजणारी बाईच असणार. हा माझा कयास, पुरावा नव्हे.

फेलिसितीचा भाग तर मी दोनदा वाचला.

---

मोडीवाला
७ मार्च, दुपारी १२.१०

उत्तम धागा. थोडी कागदपत्रं जोडतो.

लॅटिन हस्तलिखित सतराव्या शतकात इटलीतल्या मोंते कासिनोच्या मठात लुकास होल्स्टेनियुस या अभ्यासकाला मिळालं. ग्रीक प्रत थेट १८८९ मध्ये जेरुसलेममध्ये सापडली. मूळ कुठलं यावर बराच खल झाला, आता बहुतेक जण लॅटिनला मूळ मानतात. 'लिहिणारी तीच' याबद्दल शंकाही जुनी आहे. खुद्द संत ऑगस्टिनने, आफ्रिकेतल्याच पुढच्या काळातल्या बिशपने, एका ठिकाणी "तिने, किंवा ज्याने कोणी ते लिहिलं" असा शब्द टाकून ठेवलाय. वादाचा मुद्दा पर्पेतुआच्या लहान भावाचा होता. दिनोक्रातेस सातव्या वर्षी चेहऱ्याच्या कॅन्सरने गेलेला. स्वप्नात तो तिला तहानलेला दिसतो, हौद भरलेला आहे पण काठ त्याच्या डोक्यापेक्षा उंच. ती प्रार्थना करत राहते. पुढच्या स्वप्नात काठ त्याच्या बेंबीपर्यंत खाली आलाय आणि पोरगं पाणी पिऊन खेळायला जातं. बाप्तिस्म्याविना मेलेल्यांनाही मुक्ती मिळते असं म्हणायला कुणीतरी हा दाखला वापरला, म्हणून ऑगस्टिन सावध. एरवी त्याने या दोघींच्या सणाला प्रवचनं दिली आणि नावांवर कोटीही केली: पर्पेतुआ फेलिसितास, म्हणजे अखंड सुख.

सुईण_मावशींचा कयास मला पटतो.

आणि तर्कटरावांसाठी: २०३ मध्ये 'दिसेल त्या ख्रिश्चनाला मारा' असा साम्राज्यभर हुकूम नव्हता. शंभर वर्षं आधी बादशहा त्रायानने आपल्या सुभेदाराला, प्लिनीला, कळवलं होतं, हुडकून काढू नका, पण कुणी तक्रार केली आणि माणूस हटून बसला तर शिक्षा करा. त्याच पत्रव्यवहारात प्लिनी सहज सांगून जातो की चौकशीसाठी त्याने दोन दासींचे हाल केले. त्या ख्रिस्ती मंडळीत सेविका होत्या. नावं त्याने लिहिली नाहीत. हाती काय लागलं? "वाईट, वाहवत गेलेली अंधश्रद्धा, बाकी काही नाही." दोन बायका, एक ओळ, विषय संपला.

---

तर्कट
७ मार्च, दुपारी १.००

दूध आटण्याचा मुद्दा चोख. मागे घेण्यासारखं मी काही बोललो नाहीये, पण वाचतोय हं.

मोडीवाले, म्हणजे सरसकट छळ नव्हता हे तुम्हीच म्हणताय. मग 'तीनशे वर्षं सिंहांच्या तोंडी' ही सिनेमातली गोष्ट ना?

---

मोडीवाला
७ मार्च, दुपारी १.४५

तीनशे वर्षं सलग नाही, हे खरं. पुष्कळदा जागच्या जागी, जमावाच्या लहरीवर. साम्राज्यभर सक्ती आली ती २४९-५० मध्ये बादशहा देकियुसच्या काळात. सगळ्यांनी देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून जास्त दाखले सापडलेत. त्यातला एक चक्क पेतेसूखोस या मगरदेवाच्या पुजारणीचा आहे! देवळात जन्म गेला तरी "मी देवांना मानते" असं सहीशिक्क्यानिशी लिहून आणा. सरकारी खाक्या.

---

पेडण्यासून
७ मार्च, दुपारी ३.२०

अवांतर: खऱ्या-खोट्याचं निघालंच आहे तर संत फिलोमिना आठवली. आमच्या गोव्यात घराघरात एक फिलोमिना, वसईतही तेच असणार. १८०२ मध्ये रोमच्या एका भुयारी दफनभूमीत हाडं मिळाली, वर तीन फरशा. अक्षरं उलटसुलट लागलेली, ती जुळवून 'फिलुमेना, तुला शांती' असं वाचलं आणि त्यावरून अख्खं चरित्र उभं राहिलं. १९६१ मध्ये रोमने तिला संतांच्या दिनदर्शिकेतून काढलं. आमच्या फिलोमिनांना कुणी काढलं नाही.

जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रलही अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचं. पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला शहर घेतलं, तो तिचा सण. ती झालीच नाही असं बरेच अभ्यासक म्हणतात. तिला १९६९ मध्ये वगळलं आणि २००२ मध्ये परत घेतलं. पर्पेतुआच्या नावाने मात्र आमच्याकडे एवढं मोठं काही नाही. जिचं पान हातात आहे तिला कोपरा आणि जिची कहाणीच आहे तिला कॅथेड्रल!

---

रानजाई
७ मार्च, संध्याकाळी ६.५०

ऑफिसातून आत्ता आले, मध्ये बरंच पाणी वाहून गेलेलं दिसतंय. मोडीवाले, ती प्लिनीची ओळ दिवसभर डोक्यात होती.

फेलिसितीचं लिहायचं राहिलंय. आज तारीखही तीच आहे, म्हणून लिहितेच.

ती आठ महिन्यांची गरोदर. गरोदर बाईला मारायचं नाही असा रोमन कायदा होता. त्यामुळे तिला वेगळीच धास्ती: सोबतचे आज जातील आणि आपल्याला मागाहून चोर-दरोडेखोरांबरोबर नेतील. खेळांच्या दोन दिवस आधी सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि लगेच कळा सुरू झाल्या. आठव्या महिन्यातलं बाळंतपण, तुरुंगात. ती ओरडली तेव्हा एक पहारेकरी म्हणाला, आत्ता एवढी ओरडतेस, मग जनावरांपुढे काय करशील? ती म्हणाली, "आत्ता जे सोसतेय ते मी सोसतेय. तिथे माझ्या आत दुसरा कुणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मीही त्याच्यासाठी सोसणार आहे." मुलगी झाली. एका बहिणीने (सख्खी की धर्मबहीण, लॅटिनमध्ये नुसतं 'बहीण' आहे) तिला आपली म्हणून वाढवलं.

या ठिकाणी मी पेन ठेवलं होतं. एरवी या बाईचं जगात काही राहिलं नसतं. गुलाम, तिचं बोलणं कोण टिपून घेणार? टिपलं ते कळा देत असताना बोललेलं.

आखाड्याच्या दारात पुरुषांना सॅटर्न देवाच्या पुजाऱ्यांचे आणि बायकांना सेरेस देवीच्या पुजारणींचे कपडे घालायला लावायचा बेत होता. पर्पेतुआ अडून बसली: आमचं स्वातंत्र्य जाऊ नये म्हणूनच तर आम्ही आपणहून इथवर आलो, आमचा-तुमचा करार हाच होता. अधिकाऱ्याने ऐकलं. मरायला नेणाऱ्याशी ही बाई अटींवर भांडते आणि जिंकते. तर्कट, चिमूटभर धुपाचं उत्तर मला इथे दिसतं. खटला चालवणारा हंगामी सुभेदार हिलारियानुस म्हणाला होता, बादशहांच्या कल्याणासाठी बळी दे. तिचं उत्तर दोन शब्दांचं, "नोन फाकियो." इंग्रजीत त्याचं 'आय विल नॉट' होतं. मराठीत मात्र जसंच्या तसं बसतं: "नाही करत."

बायकांसाठी मुद्दाम पिसाळलेली गाय आणली होती. नेहमीचं जनावर नव्हे, बायका म्हणून गाय, अशी थट्टा. आधी कपडे काढून जाळ्यात गुंडाळून उभं केलं. एक नाजूक पोरगी आणि दुसरी नुकती बाळंत झालेली, छातीतून दूध ठिबकतंय, हे बघून जमावालाच कसंतरी झालं. त्यांना परत नेऊन सैल झगे घातले आणि पुन्हा आणलं. गाईने पर्पेतुआला उडवलं. ती उठून बसली, फाटलेला झगा ओढून मांडी झाकली, मग केसांना लावायला पिन मागितली. मोकळे केस सुतकाचे, म्हणून. मग खाली पडलेल्या फेलिसितीला हात देऊन उठवलं.

मालकीण वर्गातली बाई आणि गुलाम बाई, आखाड्याच्या मधोमध हातात हात धरून उभ्या. निवेदक यावर एक अक्षर जास्त बोलत नाही. मीही बोलत नाही.

---

सुईण_मावशी
७ मार्च, रात्री ८.१५

दोन दिवसांची बाळंतीण. खेळ कुणाच्या सन्मानार्थ होते हो?

---

मोडीवाला
७ मार्च, रात्री ८.४०

बादशहा सेप्तिमियुस सेवेरुसचा धाकटा मुलगा गेता, त्याच्या वाढदिवसाचे. पोरगा चौदा-पंधराचा. पुढे २११ मध्ये सख्ख्या भावाने, काराकाल्लाने, त्याला आईच्या कुशीत मारवलं आणि साम्राज्यभर शिलालेखांतून त्याचं नाव छिन्नीने उडवलं. अशा खरवडलेल्या ओळी आजही दिसतात. या हकीकतीत मात्र वाढदिवसाच्या निमित्ताने त्याचं नाव राहून गेलंय.

खेळांच्या खर्चाचं बघायचं असेल तर ट्युनिसियातल्या सूस शहराच्या म्युझियममध्ये एक मोझेक आहे. मागेरियुस नावाच्या धनिकाने खेळ भरवला, त्यात चार बिबटे, आणि बिबट्यांचीही नावं दिलीत: व्हिक्टर, क्रिस्पिनुस, रोमानुस, लुक्सुरियुस. शिकाऱ्यांनी बिबट्यामागे पाचशे दिनार मागितले आणि याने हजार दिले, म्हणून गावाने केलेला जयजयकारसुद्धा फरशीवर जडवलाय. बिबट्यांची नावं आहेत, प्लिनीच्या दासींची नाहीत.

---

सोपारकर
७ मार्च, रात्री ९.३०

नावांचंच निघालंय तर ब्लांदिना राहायला नको. १७७ साल, फ्रान्सचं ल्यों. तीही गुलाम, अंगाने किरकोळ. तिची मालकीणही पकडलेल्यांत होती, आणि ही टिकणार नाही अशी भीती तिलाच होती. तिथल्या ख्रिश्चनांच्या पत्रात लिहिलंय की सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाळीपाळीने हाल करणारेच थकले. ती एकच म्हणत राहिली, "मी ख्रिश्चन आहे, आमच्यात काही वाईट केलं जात नाही." शेवटच्या दिवशी पोंतिकुस या पंधरा वर्षांच्या मुलाला धीर देत होती.

ताई, पर्पेतुआचा शेवटही लिहा ना. आजी गुड फ्रायडेला सांगायची तसा. हात थरथरणारा पोरगा.

---

रानजाई
७ मार्च, रात्री १०.५५

हो. लोकांना मरण डोळ्यांसमोर हवं होतं, म्हणून उरलेले सगळे आपण होऊन मधोमध आले आणि एकमेकांना शांतीचं चुंबन दिलं. बाकीचे गप्प राहून गेले. पर्पेतुआच्या वाट्याला नवशिका ग्लॅडिएटर आला. त्याची तलवार हाडावर बसली, ती किंचाळली. मग त्याचा चाचपडणारा हात धरून तिनेच आपल्या गळ्याला लावला. निवेदक म्हणतो, अशी बाई तिने स्वतः मनावर घेतल्याखेरीज मरू शकत नसावी.

किंचाळणं ठेवलंय हे मला फार आवडतं. पुढच्या शतकांतल्या संतकथांत बायका हसत मरतात.

---

तर्कट
७ मार्च, रात्री ११.३०

बाळाचं पुढे काय झालं?

---

रानजाई
७ मार्च, रात्री ११.४०

लिहिलेलं नाही. आजोबांकडे होतं, एवढंच. नवऱ्याचाही पत्ता नाही, नावसुद्धा नाही. तिची पानं खेळांच्या आदल्या दिवशी संपतात: "इथवर मी लिहिलं, खेळात काय होईल ते ज्याला लिहायचं असेल त्याने लिहावं."

---

तर्कट
८ मार्च, सकाळी ६.५०

अजून कौतुक जमत नाही. झोपही नीट लागली नाही.

भांड्याचं: मूळ शब्दाचा अर्थ 'छोटा घडा' ना? मग घडा आणि कळशी गेली. तांब्या नको, लगेच देवपूजा दिसते. सुरई लखनवी वाटते. आणि ती स्वतःच "की आणखी काही" म्हणतेय, म्हणजे भांडं नक्की कसलं याची तिलाही फिकीर नाही. कुठल्या तरी कोपऱ्यात पडलेलं, कसलंही. तुम्ही घाईत टाकलेला शब्दच बरा आहे.

---

सोपारकर
८ मार्च, सकाळी ७.२०

+१ चंबू. आमच्या स्वयंपाकघरात अजून एक आहे, पोचे आलेला.

---

रानजाई
८ मार्च, सकाळी ७.३५

चंबूच ठेवते. आता शिडीच्या स्वप्नावर अडलेय. पांढऱ्या केसांचा मेंढपाळ मेंढीचं दूध काढतोय आणि त्या धारेतूनच तिला चीजचा घास देतो, ती ओंजळीत घेऊन खाते. जागी झाल्यावरही तोंडात काहीतरी गोड चघळत असते. चीज म्हटलं की पिझ्झा दिसतो. खरवस चालेल का?